रुख्माबाईची सपाट फरशी

लग्न पाहावं करून आणि घर पाहावं बांधून, असं म्हणतात. ज्याने कोणी हे म्हटलं त्याने राहतं घर आवरून पाहिलेलं नसणार. निदान नत्थूजींसारख्या माणसाला सोबत घेऊन तर नाहीच.

अक्षय्यतृतीयेची सकाळ होती आणि छपरावरचे कवेलू आत्ताच तापले होते. गोळीबार चौकामागच्या कोष्ट्यांच्या गल्लीत रुख्माबाई पदर खोचून घराच्या मधोमध उभी होती. पहाटे बांधलेलं भांड्यांचं गाठोडं तिच्यासमोर सुटून पडलं होतं. कढई एकीकडे, झारे एकीकडे, आणि ज्या लुगड्यात ते सगळं बांधलं होतं ते लुगडं व्यवस्थित घडी होऊन नवऱ्याच्या मांडीवर.

“हे तुमी काहून सोडलं?” तिने विचारलं.

“करवतकाठी हाय वं हे,” नत्थूजी म्हणाले. “चांगल्या हातचं. याच्यात कढई बांधते का कोनी?”

चांगला हात म्हणजे कोणाचा, हे विचारायची गरज नव्हती. त्या घरात जे काही चांगलं विणलेलं होतं ते नत्थूजींनीच विणलेलं होतं आणि जे काही बांधायला कापड होतं ते सगळं तेच होतं. विणकराच्या घरात पेट्या नसतात, लुगडी असतात. मग बाईने भांडी बांधायची कशात? नत्थूजींचं म्हणणं, तरटात. तरट कुठून आणायचं? त्यावर नत्थूजींचं म्हणणं काही नव्हतं. ते पुढच्या गाठोड्याची गाठ चाचपत होते. गाठ बायकी आहे, बैलबंडी हलली की सुटेल, असं त्यांनी सूनबाईला, म्हणजे गोपिकाला, समजावून सांगितलं आणि बंडी हलायच्या आधी स्वतःच सोडली.

मुलगा भैयाजी विजेच्या खात्यात लागला होता. त्याने हुडकेश्वरच्या बाजूला प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या होत्या. १९७८ साली तिकडे घरं कमी आणि वावरं जास्त, पण घर स्वतःचं होतं. आजच्या दिवसाला वेगळा मुहूर्त लागत नाही. दिवेलागणीच्या आत नव्या घरात दिवा लागला पाहिजे, दूध उतू गेलं पाहिजे आणि मग सगळ्यांची एक पंगत बसली पाहिजे, एवढं रुख्माबाईने ठरवलं होतं. पुरण तिने काल रात्रीच वाटून ठेवलं होतं. दिवा आणि दूध याबद्दल कोणाला काही विशेष वाटत नव्हतं. पंगतीसाठी मात्र ही बाई गेली पस्तीस-छत्तीस वर्षं वाट पाहत होती.

कारण त्या घरात पंगत बसतच नव्हती. दोन खोल्या, त्यातली मोठी खोली मागाची. हातमागाखाली जमिनीत खड्डा असतो. विणकर त्याच्या काठावर बसतो आणि पाय खड्ड्यात सोडून पावड्या दाबतो. नवी नवरी म्हणून रुख्माबाईने उंबरठ्यावरचं माप ओलांडलं तेव्हा सासूने पहिला आशीर्वाद दिला तो असा, की खड्डा पाहून चाल वं. तेव्हापासून ती खड्डा पाहूनच चालली. कांड्या भरल्या त्या खड्ड्याच्या कडेला बसून, पोरं निजवली ती खड्ड्यापासून हातभर दूर, आणि तरी भैयाजी रांगता असताना एकदा त्यात पडलाच. पाहुणे आले की जेवायला दोघं दोघं बसायचे. एक जेवतोय आणि दुसरा ओट्यावर भुकेला बसून आत डोकावतोय, याची तिला इतकी लाज वाटे की आग्रह करायचंही भान राहत नसे. भैयाजीने घर बांधायला काढलं तेव्हा त्याने विचारलं, माय, तुले काय पाहिजे? तिने मोरी मागितली नाही, देव्हारा मागितला नाही. पुढच्या खोलीत ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सपाट फरशी पाहिजे, एवढंच म्हणाली.

आणि नत्थूजी? माग बंद पडून तीन वर्षं झाली होती. यंत्रमागाच्या साड्या निम्म्या भावात मिळायला लागल्यावर हाताच्या लुगड्याला कोण विचारतो? गल्लीतल्या बहुतेकांनी माग मोडून चुलीत घातले. नत्थूजींनी माग मोडला नाही आणि खड्डाही सोडला नाही. सकाळी उठले की काठावर बसून पाय आत. चहा तिथेच, दाढी तिथेच, शेंगा सोलायच्या त्या तिथेच, जेवणाचं ताटही तिथेच. पायाखाली पावडी नाही आणि हातात धोटा नाही, तरी माणूस आपला मागावर. रुख्माबाई म्हणायची, मी दिली या घरात, पण नांदून राहिले हेच.

बरं, हा माणूस कुठे जेवायला बसणारा असता तरी सोसलं असतं. लग्नाकार्यात पंगत बसली की नत्थूजी बादली घेऊन वाढायला उभे. नत्थूजींसारखा वाढपी नाही, असं गावभर नाव. शेवटी सगळे उठले की मांडवाबाहेर कुठल्या तरी ओट्याच्या कडेला टेकून पाय खाली सोडून चार घास खायचे. भैयाजीच्या लग्नातही तेच केलं. उमरेडला व्याह्यांनी मानाचा पाट मांडला, भोवती रांगोळी काढली, उदबत्ती लावली, आणि वरबाप हातात वरणाची बादली घेऊन दुसऱ्यांच्या द्रोणात वाढतोय. व्याही दुखावले ते दुखावलेच. आमच्या पाटावर बसायला तुमच्या माणसाले कमीपणा वाटला का, असं विहिणीने रुख्माबाईला तोंडावर विचारलं होतं, आणि आजही सणावाराला त्याचा उल्लेख होत असे. रुख्माबाईने ते सगळं गिळलं होतं, पण पचलं नव्हतं.

तर असा हा माणूस, आणि घर आवरायचं.

गोपिकाने गोधड्यांची वळकटी बांधली. ती उचलायला गेली तर हाताला काहीतरी टोचलं. उलगडून पाहिलं तर आत मागाची फणी, जुन्या धोतरात गुंडाळलेली. रुख्माबाईने ती काढून कोपऱ्यात ठेवली. तांदळाचा डबा उचलला तर तो खडखडला. तांदळात धोटे निघाले. पाटा उचलायला गेली तर त्याच्याखाली पावड्या. एक वस्तू काढून कोपऱ्यात ठेवावी तर तासाभराने ती दुसऱ्याच गाठोड्यातून निघे. पालथ्या घड्यावर पाणी ओतणं परवडलं, कारण घडा निदान जागेवर तरी असतो.

खरं बोलायचं तर रुख्माबाईचंही सगळंच सरळ होतं अशातला भाग नाही. वनस्पती तुपाचे रिकामे डबे तिने दोन पोतीभर जमवले होते आणि त्यातला एकही टाकायचा नव्हता. झाकणं नसलेले डबे आणि डबे हरवलेली झाकणं, दोन्ही चालली होती. नत्थूजींनी त्या पोत्यांकडे एकदा पाहिलं आणि काहीच बोलले नाहीत. न बोलण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता. पण डब्यांनी कोणाचं घर अडत नाही आणि मागाने अडतं, असा रुख्माबाईचा हिशेब होता, आणि तो चुकीचा आहे असं तिला कोणी सांगून पाहावं.

दुपार डोक्यावर आली तरी अर्धं सामान जमिनीवरच होतं. एक ना धड भाराभर चिंध्या, आणि त्या चिंध्यांच्या मधोमध नत्थूजी, पाय खड्ड्यात सोडून. ते आता सुतळीला गाठी मारून जोड देत होते, कारण तुटकी सुतळी फेकायला त्यांचा जीव होत नव्हता. मग मात्र रुख्माबाईच्या डोक्यावरून पाणी गेलं. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिने सांगितलं, की तुमचा माग त्या घरात येणार नाही. मी येईन किंवा माग येईल. माझं अर्धं आयुष्य ह्या खड्ड्याच्या काठाकाठाने गेलं, उरलेलं मला भिंतीपासून भिंतीपर्यंत चालत घालवायचं आहे. शेजारच्या धोंडबाचा माग अजून चालतो, त्याला देऊन टाका, नाहीतर मीच चुलीत घालते. हे सगळं तिने एका दमात म्हटलं, आणि म्हणता म्हणता तिचा आवाज फाटला, कारण नुसता राग नव्हता, ती थकलीही होती.

गोपिका हातातलं काम टाकून पाहत राहिली. आता वाद होईल, मग अबोला होईल आणि मुहूर्त जाईल, असं तिला वाटलं.

नत्थूजींनी हातातली गाठ पूर्ण केली. “दे मंग धोंडबाले,” ते म्हणाले. “मी काय नाई म्हनून राहिलो?”

भिंतीला धक्का मारायला जावं आणि दार उघडं निघावं तशी रुख्माबाईची गत झाली. धोंडबाला बोलावलं. तो आला आणि संकोचाने दारातच उभा राहिला. नत्थूजींनीच त्याला आत घेतलं, स्वतः फणी दिली, धोटे दिले, पावड्या दिल्या, कापड गुंडाळायचा लाकडी रूळ दोघांनी मिळून बाहेर काढला. फणीला तेलाचा हात कधी लावायचा नाही, हे धोंडबाला माहीत असलेलंच त्यांनी पुन्हा सांगितलं. धोंडबाचे डोळे भरून आले. नत्थूजींचे नाही. हे काही रुख्माबाईला बरं लक्षण वाटलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि ह्या माणसाचा तर सुंभही अजून जळायचा होता. तिने सगळी गाठोडी एकदा स्वतः चाचपली. कशातच काही सापडलं नाही. मग तिला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण नुसतंच चुकचुकल्यासारखं वाटलं.

एक गोष्ट मात्र तिला मनातून मान्य करावी लागली. नव्या घराच्या कामात नत्थूजींनी कुचराई केली नव्हती. प्लास्टरवर पाणी मारायला ते रोज सकाळची बस धरून हुडकेश्वरला जात. फरशी बसत होती तेव्हा तर गवंड्याच्या डोक्यावर उभे. ती यायचं म्हणाली की आज चुना ओला आहे, उद्या दार लागायचं आहे, असं काहीतरी निघे. आयुष्यात पहिल्यांदा हा माणूस घराकडे लक्ष देऊन राहिला, म्हणून तिनेही फार ताणलं नव्हतं. फरशीच्या लाद्या उतरल्या तेवढ्या तिने पाहिल्या होत्या. बसलेली फरशी अजून पाहायची होती.

ऊन कलल्यावर रुपराव बंडी घेऊन आले. नव्या घराला लागूनच त्यांचं वावर होतं आणि शेजारधर्म म्हणून ते बैल जुंपून शहरात आले होते. सामान चढलं. डब्यांची पोती चढली. बैल खुरं आपटायला लागले, रुपराव बाहेरून हाका मारायला लागले, आणि नत्थूजी कुठे? आत. रिकाम्या खोलीत, मोकळ्या खड्ड्याच्या काठावर, पाय आत सोडून बसलेले. शेजारणीने दिलेला चहा बशीत ओतून फुंकत होते. खड्ड्याच्या काठावर दोन्ही हात टेकून ते सावकाश उठले. तो उठण्याचा वेळ रुख्माबाईने दारातून दात ओठ खाऊन पाहिला. बाहेर पडताना तिने खड्ड्याकडे वळून पाहिलं आणि मनातल्या मनात म्हणाली, बस आता एकटा.

बंडी मेडिकल चौक ओलांडून पुढे निघाली तशी घरं विरळ झाली. नत्थूजी बंडीच्या मागच्या टोकाला पाय खाली सोडून बसले होते. रुख्माबाई पुढे बसली होती, मांडीवर देव आणि पुरणाचा डबा. दिवस बुडायला थोडा अवकाश असताना नवं घर दिसलं. चुना दिलेलं, पांढरं स्वच्छ. भैयाजी सकाळीच पुढे येऊन झाडझूड करून दारात उभा होता. त्याचा चेहरा काही ठीक नव्हता. एवढ्या आनंदाच्या दिवशी पोरगं आपल्याकडे न पाहता बैलांकडे काहून पाहून राहिलं, हे तिला कळेना.

तिने उजवं पाऊल आत टाकलं. पायाला गार गुळगुळीत शहाबादी लागली. ती चालत गेली, खाली न पाहता, ह्या भिंतीपासून त्या भिंतीकडे. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा खाली न पाहता. आणि पलीकडच्या भिंतीजवळ पावलाखाली लाकूड वाजलं.

तिने खाली पाहिलं. फरशीत बरोबर बसवलेली एक फळी होती. तिने ती उचलली. खाली खड्डा होता. लहानसा, दोन पाय मावतील एवढाच, पण आतून गिलावा केलेला, कडा घासून गोल केलेल्या. अगदी नीट काम होतं.

बाहेर बंडीवरून गाठोडी उतरवणारी गोपिका आत आली. मग रुख्माबाईने पुरणाचा डबा खाली ठेवला. मुलाकडे पाहिलं. भैयाजी म्हणाला, बाबांनी गवंड्याला सांगितलं होतं, त्याला कळलं तेव्हा फरशी बसून गेली होती. म्हणजे पाणी मारायला जायचे ते हे. ताकाला तूर लागू दिली नव्हती महिनाभर. आणि दुपारी तो माग इतक्या सहज दिला तो ह्याच भरवशावर. उद्या धोंडबाकडून परत आणायचा असणार. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

“माग देऊन टाकला ना?” ती म्हणाली. “मंग हा खड्डा कोनासाठी? मले पाडायले?”

नत्थूजी दारातच उभे होते. त्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

“माग नाई आनत आता,” ते म्हणाले. “झालं ते. पन मले मांडी घालता येत नाई वं. दहा-बारा वर्षं झाली. गुडघे मुडपतच नाई. खाली बसलो का कोनीतरी उठवा लागते.”

गुडघे दुखतात हे तिला माहीत होतं. तेल तीच लावून देत होती. पण गुडघे तर त्या गल्लीत सगळ्यांचेच दुखत होते. पायाखाली खड्डा असलेल्या माणसाला मांडी घालायची वेळ कधी येते आणि ती आली की तो काय करतो, हे तिने कधी जोडून पाहिलंच नव्हतं. आता ते आपोआप जोडलं जात होतं. बादली. ओट्याची कड. बंडीचं मागचं टोक.

“खुर्ची आनली असती भैयानं,” ती म्हणाली, पण आवाजातला जोर गेला होता.

“खुर्चीवर मी वर आन् तुमी समदे खाली,” नत्थूजी म्हणाले. “ते काय जेवन झालं? हितं पाय सोडले का मी तुमच्या बरोबरीनं बसतो. तुले पंगत पाहिजे होती ना. मी म्हटलं, टोकाले आपलीबी जागा असावी.”

रुख्माबाईला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. हा माणूस तोंड उघडून एक वाक्य बोलला असता तर काय बिघडलं असतं? व्याह्यांच्या पाटावर व्याह्यांसमोर आपल्याला कोणीतरी काखेत हात घालून उठवेल, या लाजेपायी याने सगळ्यांचा रुसवा ओढवून घेतला आणि तिने तो इतकी वर्षं निस्तरला. गोपिका खाली मान घालून उभी होती. उमरेड तिचंच माहेर.

“उमरेडले सांगता नाई आलं हे?” रुख्माबाईने विचारलं. “इहिणीचं ऐकून ऐकून माये कान किटले.”

“उमरेडले खड्डा नव्हता ना वं,” नत्थूजी म्हणाले.

तिने डोळे पुसले आणि कामाला लागली. सांगून टाकलं, की जेवण झालं की फळी टाकायची, त्याच क्षणी टाकायची, मी जर एकदा त्यात पडले तर मग पाहा. नत्थूजी म्हणाले, फळी घट्ट बसते, गवंड्याकडून दोनदा घासून घेतली आहे. तिने म्हटलं, जास्त बोलू नका.

दिवा लागला तेव्हा बाहेर थोडा उजेड होता. दूध उतू गेलं. अर्धी भांडी अजून गाठोड्यातच होती आणि ती गाठोडी नत्थूजींनी बांधलेली असल्यामुळे कोणाला सुटत नव्हती. शेवटी त्यांनाच सोडायला बसवलं, खड्ड्याच्या काठावर. मग ताटं मांडली. भैयाजी, गोपिका आणि आग्रहाने थांबवलेले रुपराव भिंतीला लागून एका ओळीत बसले, आणि टोकाला पाय खाली सोडून नत्थूजी. त्यांचं डोकं इतरांच्या डोक्याच्या बरोबर रांगेत येत होतं. त्यांनी ते आधीच मोजून पाहिलं असणार, नाही तर खड्डा त्या जागी आलाच नसता.

रुख्माबाई वाढायला उभी राहिली. नत्थूजींनी सवयीने बादलीकडे हात केला. तिने बादली दुसऱ्या बाजूला नेली आणि त्यांना बसून राहायला सांगितलं. सगळ्यांना वाढून झाल्यावर तिने आपलं ताट आणलं, त्यांच्या शेजारी मांडी घालून बसली, आणि हात धुता धुता पाहिलं तर नत्थूजींचं ताट खड्ड्यामुळे चार बोटं पुढे आलेलं. तिने ओल्या हातानेच ते ताट मागे ओढलं, ओळीत आणलं, आणि मग सगळ्यांना जेवा म्हणाली.